सासूबाईंची क्लबतपासणी

पहिल्या क्लबात पाऊल टाकल्या टाकल्या सासूबाईंनी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं आणि त्या तडक तिकडे गेल्या. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर टाय लावलेले सेक्रेटरी हात पुढे करून उभे, आपल्या कडेवर बाळ, आणि सासूबाईंचा पत्ता नाही. तशी त्यांना काही घाईची लागली नव्हती. पण सगळी नोकरी शाळा तपासण्यात गेलेल्या बाईची ती रीतच होती. मुख्याध्यापकांची खोली नंतर, निकालाचे तक्ते नंतर. आधी संडास, मग पिण्याचं पाणी. एवढं बघितलं की उरलेली शाळा बघायची गरज पडत नाही, असं त्या म्हणत, आणि तरी उरलेली शाळाही कोपरा न् कोपरा बघत.

"चकाचक आहे," परत येऊन त्या धाकटीच्या कानाशी लागल्या. "ताजी फुलं ठेवलीयत. पण साबणाची वडी कोरी करकरीत. कुणी हातच लावलेला नाही."

धाकटी माहेरी तीन भावंडांत शेवटची, म्हणून धाकटी. सासरी तर एकुलत्या एका मुलाची बायको. तिच्यापेक्षा थोरली कुणी नाहीच. तरी माहेरच्या माणसांबरोबर लग्नात आलेलं नाव सासरघरीही आलं आणि चिकटलं ते चिकटलं. दात करायच्या लॅबमध्ये ती कामाला होती. चिनी मातीचा दात घासून घासून शेजारच्या खऱ्या दाताशी असा जुळवायची की ज्याचा त्यालाही ओळखू येऊ नये. बाळंतपणाची रजा आता संपत आली होती आणि ती संपायच्या आत तिला एक गोष्ट मार्गी लावायची होती.

ती म्हणजे दाराआडची गोल्फच्या काठ्यांची बॅग. मामानं शिकवलेला गोल्फ ती लग्नाआधी दर आठवड्याला खेळायची. मग नवऱ्याच्या नोकरीपायी गाव बदललं, मग दिवस राहिले, मग बाळ. बाळाला घरात सगळे गठुडं म्हणत, कारण दवाखान्यातून आणलं तेव्हा ते तसंच दिसत होतं. तर त्या गठुड्याच्या गाडीचं छप्पर, सासूबाईंची छत्री, नवऱ्याचा रेनकोट असं एकेक त्या बॅगेवर टांगलं जात होतं. नवऱ्याच्या मावसबहिणीनं एकदा सहज विचारलं, "तू काही आता खेळायची नाहीस, मला देतेस का? मी शिकीन म्हणते." धाकटीही सहज म्हणून गेली, "महिनाअखेरीपर्यंत थांब. तोवर मी कुठल्या क्लबात गेले नाही, तर घेऊन जा." बोलून गेली खरी, पण त्या दिवसापासून तिला दाराआड बघवेना.

गावात क्लब तीन. शनिवारी नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायला जायचा, म्हणून शनिवारी गठुडं सांभाळायला सासूबाई यायच्या. "मी पण येते बघायला," त्या म्हणाल्या. "तपासायचंच आहे ना?"

सेक्रेटरींनी चांदीचे चषक दाखवले, भिंतीवरचे जुने अध्यक्ष दाखवले आणि मग विचारलं, "मिस्टर काय, रोजच खेळतात का?"

"ते नाही, मी खेळते."

"अच्छा. मग असं करू. मिस्टरांना मेंबर करून घेऊ, म्हणजे त्यांच्यावरून तुम्हाला येता येईल."

"त्यांना साधा चेंडू झेलता येत नाही."

"ते आम्ही बघत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

धाकटीचा प्रश्न एकच होता आणि तो तिनं विचारला. गठुडं बाटलीला शिवत नव्हतं. चमचा, वाटी, वेगवेगळी बुचं, सगळं करून झालं होतं. तोंड घट्ट मिटून ते अशा नजरेनं बघायचं की देणाऱ्यालाच अपराधी वाटावं. त्यामुळे अठरा होल, म्हणजे मैदानाचे अठरा टप्पे, खेळायला जी अख्खी सकाळ लागते, ती तिच्याकडे नव्हती. अर्धी होती. नऊ होल खेळावेत, क्लबाच्या इमारतीपाशी परत यावं, बाळाला पाजावं आणि घरी जावं. म्हणून नववा होल इमारतीजवळ येतो का, एवढंच तिला हवं होतं.

"येतो की," सेक्रेटरी म्हणाले. "पण बायकांची वेळ मंगळवारी दुपारची. आणि बाळं आत चालत नाहीत. फार तर व्हरांड्यात."

मंगळवारी दुपारी ती लॅबमध्ये कुणाचा तरी दात घासत असणार. तिथंच घोडं अडलं. काचेतून बाहेरची हिरवळ रंगवलेल्या चित्रासारखी दिसत होती आणि चित्रासारखंच तिच्यावर कुणी हलत नव्हतं. आत मात्र सगळ्या खुर्च्या भरलेल्या.

"पटावर मुलं भरपूर, वर्गात एक नाही," बसस्टॉपवर सासूबाईंनी निकाल दिला. "अशा शाळा मी खूप बघितल्या."

दुसरा क्लब पाण्याच्या टाकीमागं होता. मुळात नऊच होल, सगळे सपाट मैदानात आखलेले, एकमेकांना खेटून. इमारत म्हणजे पत्र्याची लांबट खोली. तिथलं स्वच्छतागृह बघून सासूबाई म्हणाल्या, "नळ गळतोय. पण खाली बादली ठेवलीय आणि ती भरायच्या आत कुणीतरी रिकामी करतंय." म्हणजे पास. चहाच्या काउंटरवरच्या बाईनं तर गठुड्याला बघताक्षणी हात पुढे केले. ते गेलंही तिच्याकडे, आणि तिच्या गळ्यातल्या किल्ल्या चोखत बसलं.

धाकटी नऊ होल खेळून वेळेत परत आली. बाळाला पाजलं. कुणी वाकड्या नजरेनं बघितलं नाही. उलट एक आजोबा स्वतःहून पाठ फिरवून बसले आणि त्यांनी शेजारच्यालाही फिरवलं. शनिवार चालत होता, बाळ चालत होतं, बसही दारातून होती.

"हाच," धाकटी म्हणाली.

रात्रीच्या जेवणाला सासूबाईही थांबल्या होत्या. नवरा खूश झाला. "मग ठरलं की. बॅगेवरचा माझा रेनकोट काढतो."

"हं," धाकटी म्हणाली आणि गठुड्याच्या हनुवटीवरची लाळ पुसत राहिली.

नवऱ्यानं घास तसाच धरला. "ही काच बरी का ही?"

"काय?"

"दुकानात दिवसभर हेच विचारतो ना मी. निम्मे लोक माझी दया येऊन म्हणतात, ही बरी. त्यांना दिसत काहीच नसतं. पण आपल्यामुळे याला उगाच त्रास नको, असं त्यांना वाटतं. तुझा आवाज आत्ता अगदी तसा आला."

"अरे, चांगला आहे क्लब. माणसं चांगली आहेत. सोयीचा आहे."

"सोयीचा आहे ते मीच बघितलं," सासूबाई म्हणाल्या. "आवडला का, ते तो विचारतोय."

धाकटीला एकदम भरून आलं. कशासाठी, ते तिलाही धड सांगता येईना. चेंडू मारायचा, सरळ चालायचं, परत मारायचं. कुठं चढ नाही, उतार नाही, विचार करावा असं काही नाही. चौथ्या होलवर ती उद्याच्या भाजीचा विचार करत होती. घरी जे डोक्यात चालतं तेच तिथं चालणार असेल, तर एवढा खटाटोप कशाला?

"तिसरा आहे ना एक," नवरा म्हणाला. "नदीकाठचा."

"तो नको. त्याचा काही उपयोग नाही."

"बघितलास?"

"बघायची गरज नाही. लहानपणी मामाबरोबर एकदा खेळलेय." आणि मग ती बोलत सुटली. नदी कशी डाव्या हाताला सोबत चालते, तिसऱ्या होलला मधेच ओढा कसा आडवा येतो, झाडं वाऱ्यानं एकाच बाजूला कशी कललीत, तिथं चेंडू मारण्याआधी पाचावर धारण कशी बसते. बोलता बोलता तिनं टेबलावर मीठदाणी, वाटी, चमचा मांडून नदीही केली. गठुड्यानं ओढा उचलून तोंडात घातला. "पण तो लांबच लांब आहे. नदीच्या कडेकडेनं जातो आणि मग तसाच परत येतो. नववा होल सगळ्यात टोकाला. तिथं पोचलं की इमारत पार लांब राहिली. अठरा पुरे केल्याशिवाय परत येणंच नाही. मी तिथं टोकाला आणि हे इकडे रडून रडून लाल."

मायलेकांनी एकमेकांकडे बघितलं.

"न तपासता शेरा लिहायचा नसतो," सासूबाई म्हणाल्या. "शनिवारी जाऊ."

नदीकाठच्या क्लबात त्यांना बायकांच्या कॅप्टन भेटल्या. बाई व्यवसायानं गुरांच्या डॉक्टर, टोपी केवढी तरी मोठी, आवाज त्याहून मोठा. सासूबाई आतून येऊन म्हणाल्या, "ठीक आहे. आरशाला तडा आहे, पण पाणी चांगलं," आणि कॅप्टनबाईंनी त्याबद्दल आभार मानले.

"चला, माझ्याबरोबर थोडं खेळून बघा," त्या धाकटीला म्हणाल्या. "बाळाची गाडी मात्र मैदानात नको. चेंडू कुठून येईल सांगता येत नाही."

"आम्ही बाहेरच्या रस्त्यानं फिरतो," सासूबाई म्हणाल्या. "तू जा."

"मी तीन होल खेळते नि तशीच परत चालत येते, आई. तासाभरात."

"बरं," म्हणून सासूबाई गाडी ढकलत निघाल्यासुद्धा.

पहिल्या होलला धाकटीचा चेंडू झाडीत गेला. दुसऱ्याला बरा गेला. तिसऱ्याला ओढ्यापाशी ती उभी राहिली आणि तीच जुनी धास्ती परत आली. इतकी ओळखीची, की तिला हसू आलं. ओढ्याच्या अलीकडे हळूच ठेवायचा, का पलीकडे न्यायचा? धाकटीनं काठी बदलली, पाय रोवले आणि मारला. ओढ्यावरून पलीकडे. त्या क्षणी तिच्या डोक्यात ना भाजी होती, ना दात, ना बाटली.

आता परत फिरायचं होतं. पण चौथा होल लगेच समोर होता, वळणामागं काय आहे ते दिसत नव्हतं, आणि वळण बघूनच जाऊ म्हणत तिनं तोही खेळला. मग पाचवा. मधून मधून मन खायचं, पण पाय ऐकत नव्हते. आठव्यावर दुधानं छाती जड व्हायला लागली, तेव्हा कुठं ती भानावर आली. मागं बघितलं तर इमारत आगपेटीएवढी.

"मला जायला हवं," ती म्हणाली. "बाळ..."

"हा एक छोटासाच आहे," कॅप्टनबाई म्हणाल्या. "एका फटक्याचा. मग आपण दोघी भराभर परत जाऊ."

नवव्या होलसमोर टेकाड होतं. पलीकडची हिरवळ दिसत नव्हती, नुसतं झेंड्याचं टोक तेवढं वर आलेलं. धाकटीनं फार विचार केला नाही. विचाराला वेळच नव्हता. चेंडू असा निघाला की हाताला काही लागलं असंसुद्धा वाटलं नाही. टेकाडावरून, बरोबर झेंड्याच्या अंगानं, पलीकडे दिसेनासा झाला.

"अगं बाई," कॅप्टनबाई हळूच म्हणाल्या.

दोघी टेकाड चढून पलीकडे उतरल्या. हिरवळ गुळगुळीत, रिकामी. चेंडू नाही. कॅप्टनबाईंनी झेंड्याखालच्या होलमध्ये वाकून बघितलं, तिथंही नाही. आणि मग बाजूच्या फाटकापाशी, गवत कापायच्या यंत्राच्या शेडखाली, धाकटीला बाळाची गाडी दिसली. गाडीजवळ गठुड्याला खांद्यावर टाकून सासूबाई उभ्या. त्या हसऱ्या चेहऱ्यानं हात वर करून पुढे आल्या. हातात चेंडू.

"हा बघ, कुणाचा तरी पडलेला. चांगला आहे अजून. तुला होईल म्हणून उचलला."

शाळेच्या मैदानात खडू, पेन्सिल, बटण दिसलं की उचलून ठेवायची आयुष्यभराची सवय. दोन वर्षांतला तिचा सगळ्यात चांगला फटका सासूबाईंच्या मुठीत होता.

"आई, तो माझाच आहे."

"मग बरंच झालं की."

कॅप्टनबाईंनी टोपी काढली. त्यांच्या ओठांचे कोपरे हलत होते, पण आवाज त्यांनी पंचाचा ठेवला. "पडलेला चेंडू बाहेरच्या माणसानं उचलला तर दंड नाही, जिथं होता तिथं परत ठेवायचा. पण खेळाडूच्या बाजूच्या माणसानं उचलला तर प्रश्न आहे. या तुमच्या कोण?"

"सासूबाई."

"हं." कॅप्टनबाई विचारात पडल्या. "सासू बाहेरची धरायची का आपल्या बाजूची?"

"नियमात काय लिहिलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"नियमात सासूचा उल्लेख नाही."

"मग हिलाच विचारा."

दोघी धाकटीकडे बघायला लागल्या. धाकटी हसायला लागली आणि तिला थांबताच येईना. "आई, तुम्ही आत्तापुरत्या बाहेरच्या व्हा. माझा दंड वाचेल."

"झाले," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी चार पावलं मोजून मापून टाकली आणि हिरवळीवर एका जागी बोट दाखवलं. "इथं होता."

धाकटीला वाटलं, चेंडू याहून जवळ असणार. पण सासूबाईंनी कधी कुणाला पैकीच्या पैकी गुण दिले नव्हते; सुनेच्या चेंडूलाही देणार नव्हत्या. तिनं चेंडू ठेवला, काठी हातात घेतली, वाकली. आणि नेमकं तेव्हा गठुड्याला आईचा वास आला. ते एकदाच रडलं, सुरुवातीचं, चाचपडल्यासारखं, आणि धाकटीला पान्हा फुटला. चेंडू होलच्या कडेनं जाऊन पुढे थांबला.

"दुसऱ्यात गेलाच असता," कॅप्टनबाई म्हणाल्या. "धरला तो. जा आधी, पाज त्याला." आणि त्यांनी चेंडू स्वतःच उचलून तिच्या खिशात टाकला.

शेडमध्ये गवताच्या बियांच्या पोत्यावर धाकटी बसली. कापलेल्या गवताचा आणि तेलाचा वास होता. गठुडं एका हातानं तिची कॉलर घट्ट धरून घटाघटा पीत होतं आणि मधेच थांबून, तूच ना, असं वर बघून परत लागत होतं.

"तुम्ही इथवर कशा आलात, आई?"

"रस्त्यानं. रस्ता तुमच्या कडेनंच येतो की. गवत कापणारा माणूस यंत्र आणायला फाटक उघडून गेला होता, म्हणून आत बघितलं. शाळेला मागचं दार कुठं आहे ते मी नेहमी बघते."

कॅप्टनबाईंनी घड्याळ बघितलं. "ह्याचं झालं की निघू. खेळत नको, नुसतं चालत जाऊ. तरी बराच वेळ लागेल परत जायला."

"परत कशाला जायचं?" सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे? क्लबात."

"तिथं काय आहे?"

कॅप्टनबाईंनी क्षणभर विचार केला. "चहा."

"चहा घरी आहे. हे फाटक, त्याच्यापुढे रस्ता, आणि त्या झाडाखाली आमच्या बसचा थांबा. हिची काठ्यांची बॅग हिच्या खांद्यावर. नऊ खेळायचे, इथून बाहेर पडायचं. मी हे ध्यान घेऊन इथंच येत जाईन."

कॅप्टनबाईंनी फाटकाकडे बघितलं, मग आल्या वाटेकडे. "मी तरुणपणापासून इथं खेळतेय," त्या म्हणाल्या. "नवव्यानंतर दहावा असतो. इथून कुणी घरी जातं, असं माझ्या कधी मनातच आलं नाही."

"माझ्याही नाही," धाकटी म्हणाली. ती इतके दिवस नववा होल इमारतीपासून किती लांब आहे ते मोजत होती. तो घरापासून किती लांब आहे ते तिनं बघितलंच नव्हतं.

"चालेल का पण?" तिनं विचारलं, आणि विचारताना तिचा जीव टांगणीला लागला.

"शनिवारी फाटक उघडं ठेवायला सांगते. बाळाची गाडी शेडपर्यंत, पुढे नाही." मग कॅप्टनबाई सासूबाईंकडे वळल्या. "आणि तुम्ही हिरवळीवर काही उचलायचं नाही. काही म्हणजे काही."

"कागदसुद्धा?"

"कागद चालेल."

बॅग आता कुणाला द्यायची नव्हती. धाकटीनं ते मनातल्या मनात दोनदा म्हणून बघितलं. मग तिनं बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं.

कॅप्टनबाई निरोप घेऊन दहाव्या होलकडे निघाल्या. थोड्या वेळानं टेकाडामागून त्यांच्या फटक्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ एक करवादलेला शब्द. सासूबाई दाराशी उभ्या राहून तिकडे बघत होत्या.

"तिकडचे नऊ कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"आठवत नाहीत. मामा म्हणायचा, तिकडचे अवघड. वारा तोंडावर येतो."

"ते कधी बघायचे मग?"

"हे बाटली घ्यायला लागलं की."

गठुडं पिता पिता झोपलं होतं, तोंड अर्धं उघडं, कॉलर अजून मुठीत. सासूबाईंनी वाकून त्याच्या कपाळावरचं गवताचं पातं उचललं.

"मग घाई नाही," त्या म्हणाल्या. "बस गेली तर दुसरी येईल. उठू नकोस एवढ्यात."